आधी कुंपण, मग केबल

कारखाना असो, सौर प्रकल्प असो की इंधनाचा डेपो, आवार मोठं असलं की कुंपणावर सेन्सर केबल लावायची टूम आज ना उद्या निघतेच. कल्पना सोपी आहे. जाळीला आतून एक काळी केबल बांधायची. कुणी जाळी कापली, चढलं किंवा खालून उचलली की होणारी थरथर केबल पकडते, खांबावरच्या पेटीतला प्रोसेसर ती तपासतो आणि सुरक्षा केबिनमध्ये घंटा वाजते. निविदेत या सगळ्याला मिळून एकच ओळ असते: अमुक मीटर केबल, पुढे ‘कम्प्लीट इन ऑल रिस्पेक्ट्स’. ठेकेदार ड्रॉइंगवर पट्टी ठेवतो, आवाराची परिमिती काढतो, तेवढी केबल मागवतो. केबल जाळीवर चढते, बिल निघतं. पहिला पाऊस झाला की घंटा रात्रभर वाजायला लागते आणि महिन्याभरात कुणीतरी तिचा आवाज बारीक करून ठेवतं.

केबलचा मार्ग आखणं म्हणजे मुख्यतः हे खोटे इशारे आधीच छाटून टाकणं. खरा चोर पकडणं त्या मानाने सोपं असतं, कारण बहुतेक चांगल्या केबली जाळी कापल्याचं ओळखतातच. अवघड असतं ते इशाऱ्यावरचा माणसाचा विश्वास टिकवणं. 28 जुलै 2012 रोजी पहाटे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, ओक रिज इथल्या वाय-12 या अण्वस्त्र संकुलात 82 वर्षांची मेगन राइस ही नन आणि तिचे दोन साथीदार एकामागून एक जाळ्या कापत आत शिरले. समृद्ध युरेनियमच्या कोठारापर्यंत पोचून त्यांनी भिंतीवर घोषणाही रंगवल्या. तिथे सेन्सर होते आणि त्यांनी इशाराही दिला होता. पण खोटे इशारे पहारेकऱ्यांच्या अंगवळणी पडले होते आणि मोक्याचा कॅमेरा नादुरुस्त होता. एवढा पैसा ओतलेल्या ठिकाणी असं होऊ शकतं, तर आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या प्लॉटचं काय, हा प्रश्न केबलची ऑर्डर देण्याआधीच पडलेला बरा.

पट्टीने नव्हे, पायाने

पहिलं काम म्हणजे ड्रॉइंग गुंडाळून ठेवा आणि कुंपणाच्या कडेने चालत निघा. सोबत मोजणीचं चाक, रंगाचा डबा आणि वही घ्या. मुख्य फाटकापासून सुरुवात करून प्रत्येक खांबाला क्रमांक द्या आणि निदान दर दहाव्या खांबावर तो रंगवा. पुढे कॅमेऱ्याची जागा, झोनची हद्द, दुरुस्तीची तक्रार, सगळं या क्रमांकांनीच बोललं जातं. ‘मागच्या बाजूला, आंब्याच्या झाडाजवळ’ हा पत्ता रात्री दोन वाजता कामाचा नाही.

चालताना प्रत्येक गाळ्यातली, म्हणजे दोन खांबांमधली, जाळी हाताने हलवून बघा. घट्ट जाळी एकदा थरथरते आणि थांबते. सैल जाळी खळखळत राहते, आणि तीच वाऱ्यात रात्रभर खळखळणार असते. ‘विनापरवाना प्रवेश करू नये’ हा पत्र्याचा बोर्ड एकाच तारेवर लोंबत असेल तर तो दर झुळुकीला जाळीवर आपटतो आणि केबलला ते जाळी कापल्यासारखंच ऐकू येतं. अँगलवरची सैल काटेरी तार, जाळीला टेकवून ठेवलेले पाईप, माळ्याने बांधलेली नळी, कामगारांनी वाळत घातलेले कपडे, सगळं वहीत लिहा. बोर्ड चारही कोपऱ्यांत बोल्टने आवळायचा किंवा स्वतंत्र खांबावर न्यायचा. मधला टेन्शन वायर नसेल तर घालून घ्यायचा. ही दुरुस्ती निविदेत वेगळी ओळ म्हणून यायला हवी. ती आली नाही तर ठेकेदार करणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

झाडोऱ्याचा विचार पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून करा. मे महिन्यात मोकळं दिसणारं कोकणातलं कुंपण ऑगस्टमध्ये वेलींनी झाकलेलं असतं. मराठवाडा-विदर्भात वेडी बाभूळ आणि घाणेरी जाळीत घुसतात आणि वाऱ्यात तिला घासत राहतात. दोन्ही बाजूंना निदान एक मीटर पट्टा साफ राहील, असं बघा. बाहेरची जागा शेजाऱ्याची असेल तर त्याच्याशी आधी बोलून घ्या. आणि साफसफाई करणाऱ्यांना दोन गोष्टी बजावा: गवत जाळायचं नाही आणि ब्रश कटर जाळीला लावायचा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटवलेलं गवत केबलचं आवरण आणि तिला जाळीशी बांधणारे टाय दोन्ही वितळवतं.

जमीनही बघा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायाचे खांब तिच्यात कलतात, जाळी सैल होते आणि गेल्या वर्षी नीट बसवलेली संवेदनशीलता या वर्षी चुकीची ठरते. अशा जमिनीत केबलच्या आधी खांबांचे पाये तपासून घ्या. उलट कोकणातल्या जांभ्यात खांब हलत नाहीत, पण फाटकाखाली चर खणताना ब्रेकर लावावा लागतो आणि तो खर्च हटकून विसरला जातो.

कुत्र्यांची भगदाडं बुजवता येतात, अंग घासणाऱ्या शेळ्यांना बाहेरून दुसरा आडोसा करता येतो. माकडांवर मात केबलच्या मार्गात उपाय नाही. ती जिथे रोज कुंपण ओलांडतात तो भाग वेगळा झोन करा आणि त्यावर चांगला कॅमेरा ठेवा. माकड आहे की माणूस, ते पाहूनच ठरवायचं.

तीनशे मीटरचा हिशेब

बाजारात ढोबळमानाने दोन जाती आहेत. एक मायक्रोफोनिक म्हणजे तांब्याची समाक्ष केबल. तिचा प्रोसेसर जवळ लागतो आणि एका बाजूला बहुधा तीनशे मीटरपर्यंत केबल चालते. दुसरी ऑप्टिकल फायबर. ती कित्येक किलोमीटर जाते, कुंपणावर वीज लागत नाही, पण नियंत्रण पेटी महाग असते. आवार लहान असेल तर फायबरचा खर्च परवडत नाही, दहा-बारा किलोमीटर असेल तर तांब्याचा परवडत नाही. मधल्या लांबीत दोन्हीचे दर मागवून बघा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा 400 मीटर बाय 200 मीटरचा आयताकृती प्लॉट आहे, परिमिती 1200 मीटर. जाळी आठ फूट उंच. मुख्य फाटक दक्षिणेच्या बाजूला मधोमध. केबल तांब्याची, प्रोसेसरला दोन बाजू, प्रत्येकी 300 मीटर. कागदावर दोन प्रोसेसरमध्ये काम होतं: दोन गुणिले सहाशे, बाराशे.

पण 300 मीटर ही मर्यादा केबलची आहे, कुंपणाची नाही. कोपऱ्यावरच्या लूपमध्ये, पेटीत जाताना-येताना, शेजारच्या झोनवर चढवताना, फाटक चुकवताना केबल खर्च होते. गंमत म्हणजे चढउताराचा यात वाटा फारसा नाही. पाचाला एक असा चांगला जाणवणारा चढ असला तरी लांबी दोनच टक्के वाढते. खरी लांबी खातात ते लूप आणि वळणं. एकूण दहा टक्के धरून चला, म्हणजे 300 मीटर केबलमध्ये साधारण 270 मीटर कुंपण होईल. दोन प्रोसेसर लावणाऱ्याला शेवटी चारही टोकांना केबल कमी पडते आणि मग तो लूप काढून टाकतो, केबल ताणतो किंवा फाटकाजवळचे दोन गाळे मोकळे सोडतो.

म्हणून इथे तीन प्रोसेसर घ्या. फाटकापासून कुंपणाच्या कडेने मोजत गेलं की ते 200, 600 आणि 1000 मीटरवर येतात: दोन दक्षिणेच्या दोन्ही कोपऱ्यांत, एक उत्तरेच्या मधोमध. प्रत्येक बाजूला 200 मीटर कुंपण, म्हणजे साधारण 220 मीटर केबल. या मांडणीत दोन बाजूंच्या केबली फाटकाच्या दोन्ही अंगांना येऊन संपतात. सेन्सर केबल फाटकाखालून न्यावीच लागत नाही. उरलेली टोकं उत्तरेच्या दोन कोपऱ्यांत भेटतात. तिथे दोन्ही केबली एका गाळ्यापुरत्या एकमेकींवर चढवा, नाहीतर दोन झोनच्या मध्ये आंधळी फट राहते, आणि कोपऱ्याचा जाड खांब चढायला तसाही सोयीचा असतो.

200 मीटरचा झोन पहारेकऱ्याला धावायला मोठा आहे, हे खरं. जागा काही मीटरपर्यंत सांगणारी केबल घेतली तर सॉफ्टवेअरमध्ये झोन लहान करता येतात. तशी नसेल तर झोनची लांबी कॅमेऱ्यावरून ठरवा. इशारा आल्यावर एका कॅमेऱ्याला झोनचं एक टोक ते दुसरं टोक दिसलं पाहिजे, आणि माणूस ओळखू आला पाहिजे. दोन कॅमेऱ्यांच्या मध्ये पडणारी झोनची हद्द सरकवा. कॅमेऱ्याचा खांब हलवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

एका झोनमध्ये एकाच जातीचं कुंपण ठेवा. अर्धा भाग चेनलिंक आणि अर्धा वेल्डमेश असेल तर दोघांना एकच संवेदनशीलता लागू पडत नाही. चेनलिंकला बसवली तर वेल्डमेश बहिरी, वेल्डमेशला बसवली तर चेनलिंक रात्रभर ओरडते.

जाळीवर बांधताना

आठ फुटांपर्यंतच्या कुंपणाला बहुतेक कंपन्या मध्यावर, म्हणजे जमिनीपासून साधारण 1.2 मीटरवर, एक रांग सांगतात. त्याहून उंच असेल तर जाताना एका उंचीवर आणि परत येताना दुसऱ्या, अशा दोन रांगा. तेव्हा केबल दुप्पट लागते आणि वरचा तीनशे मीटरचा हिशेब निम्म्यावर येतो. वर काटेरी कॉइल असेल तर ती चढणाऱ्याला अडवते, पण वाऱ्यात जाळीवर आपटायला नको. तिला दर गाळ्यात तीन ठिकाणी तरी बांधून घ्या.

केबल नेहमी आतल्या बाजूने. टाय दर 25-30 सेंटिमीटरवर, जाळीच्या तारा जिथे एकमेकींत अडकतात त्या ठिकाणी. अतिनील किरणांना टिकणारे काळे टाय वापरा. साधे पांढरे टाय आपल्या उन्हात एक-दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतात. मग केबल लोंबते, वाऱ्यात जाळीवर फटके मारते आणि स्वतःच खोटे इशारे देऊ लागते. जिथे कापाकापीची खरी भीती आहे तिथे स्टेनलेस स्टीलचे टाय घ्या, पण ते आवळताना हात सैल ठेवायला सांगा. चिमटलेली समाक्ष केबल आतून बदलते, बाहेरून दिसत नाही.

केबल ड्रम फिरवून सोडायची, ड्रमच्या कडेवरून ओढून काढायची नाही. तशी काढली की ती पिळली जाते. खडीवरून फरफटत नेऊ नका. एप्रिलच्या दुपारी बसवत असाल तर थोडी सैल ठेवा, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे ती ताणली जाणार नाही. सैल म्हणजे लोंबती नव्हे, दोन टायमधली केबल बोटाने किंचित उचलता येईल इतकीच. फायबर असेल तर वळणाची त्रिज्या जपा. कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर ओढताना बाह्य व्यासाच्या वीसपट, बसल्यावर दहापट.

कोपऱ्यावरचे आणि ताण घेणारे खांब जाड असतात. त्यांच्यापाशी थरथर मरते आणि चोर नेमका तिथेच चढतो. अशा खांबावर केबलचा लूप करून बांधा, म्हणजे तिथे जास्त केबल राहील आणि संवेदना भरून निघेल. हाच लूप उद्या केबल तुटली तर जोडायलाही कामी येतो. पेटीत शिरताना केबल आधी खाली वळवा आणि खालच्या ग्लँडमधून आत न्या. वरून आणलेल्या केबलीबरोबर पाणीही येतं, आणि कोकणात ते एका हंगामात प्रोसेसर संपवतं. जोड शक्यतो नकोच. ड्रमची लांबी अशी मागवा की जोड आलाच तर झोनच्या हद्दीवर, खांबावरच्या पेटीत येईल. जमिनीखाली मुळीच नको.

फाटक, नाला, भिंत

फाटकापाशी सेन्सर केबल थांबते, पण वीज आणि डेटाच्या तारा तरी पलीकडे जायलाच लागतात. त्यांच्यासाठी फाटकाखालून एचडीपीई पाईप टाका. अवजड ट्रक जात असतील तर पाऊण मीटर खोल आणि वर काँक्रीट. त्याच चरात दुसरा रिकामा पाईप, आत नायलॉनची दोरी घालून आणि दोन्ही तोंडं बंद करून. पाच वर्षांनी रस्ता फोडायची वेळ आली नाही, तर ती या पाईपमुळे.

सेन्सर केबलच पलीकडे न्यायची असेल, उदाहरणार्थ आपल्या प्लॉटच्या पूर्वेला एखादं आणीबाणीचं फाटक असेल, तर जमिनीखालच्या तुकड्याला कंपनीची असंवेदनशील जोडकेबल वापरा. नाहीतर जाणारा प्रत्येक ट्रक घुसखोर ठरतो. फाटकाला स्वतःचा झोन द्या, दिवसा बंद आणि रात्री चालू ठेवता येईल असा. झुलत्या फाटकाच्या झडपेवर केबल घालता येते, बिजागरीपाशी लवचीक लूप सोडून, पण कडीचा खुळखुळाट आधी बंद करा. सरकत्या फाटकावर तो खटाटोप करू नये. तिथे चुंबकी स्विच आणि कॅमेरा किंवा बीम पुरतो.

कुंपण ओढा किंवा मोरी ओलांडतं तिथे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. खाली लोखंडी गज, वर जाळी, आणि केबल सरळ वरून गेलेली. माणूस गजांमधून वाकून येतो. गज मजबूत करा, हलणारी जाळी बसवून केबलचा एक फेरा तिच्यावर घ्या. पण पुरात वाहून येणारा कचरा तिथे अडकणार, म्हणून तोही वेगळा झोन.

आपल्याकडे कितीतरी आवारांना जाळी नसतेच, विटांची किंवा प्रीकास्टची भिंत असते. भिंतीला केबल बांधून फारसं हाती लागत नाही. ती थरथरत नाही, आणि शिडी लावून आलेला माणूस तिला जेमतेम शिवतो. भिंतीवर अँगल उभे करून दोन-तीन फुटांची वेल्डमेश लावा आणि केबल तिच्यावर घाला. खणून येणाऱ्यासाठीही जाळीवरची केबल भरवशाची नाही. जाळीचा खालचा काठ काँक्रीटच्या पट्टीत गाडणं, हाच त्यावर खरा इलाज.

वीज आणि डेटा

वीजपुरवठ्याचा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत. आपल्या प्लॉटमध्ये वीज मुख्य फाटकाच्या केबिनमधून निघते, सर्वांत लांबचा प्रोसेसर 600 मीटरवर. तिथे प्रोसेसर आणि नेटवर्क स्विच मिळून 12 वॅट लागतात असं धरा. 24 व्होल्टवर प्रवाह अर्धा अँपिअर होतो. 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध किलोमीटरला 12.1 ओहम, जायची-यायची मिळून तार 1200 मीटर, म्हणजे साडेचौदा ओहम. सात व्होल्ट वाटेतच गेले, टोकाला सतरासुद्धा उरत नाहीत. शिवाय व्होल्टेज पडलं की असं उपकरण आणखी प्रवाह ओढतं, त्यामुळे प्रत्यक्षात स्थिती याहून वाईट. 2.5 चौरस मिलिमीटर तार घेतली तरी साडेचार व्होल्टच्या आसपास जातात. तीच तार 1.5 चीच ठेवून 48 व्होल्ट दिले तर प्रवाह निम्मा होतो आणि घट साडेतीन-पावणेचार व्होल्टवर येते, 48 मध्ये ती कळतही नाही. जाड तारेवर पैसे घालण्याआधी प्रोसेसर 48 व्होल्टवर चालतो का, ते विचारा.

डेटासाठी इथरनेटची तांब्याची केबल 100 मीटरला थांबते. आरएस-485 ला 1200 मीटरची मर्यादा आहे, म्हणजे आपला प्लॉट बरोबर काठावर. सरळ फायबर घ्या आणि ती रिंग करून दोन्ही बाजूंनी केबिनमध्ये आणा. एका जागी तुटली तर दुसऱ्या बाजूने निरोप येतो. सेन्सर केबल कुंपणावर आणि वीज-डेटा आतल्या बाजूला जमिनीखाली, असं वेगळं ठेवलं तर एका कापणीत दोन्ही जात नाहीत.

आवारातल्या 230 किंवा 415 व्होल्टच्या तारांपासून सेन्सर केबल समांतर जाताना निदान एक फूट लांब असावी, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात. कुंपणावरच्या दिव्यांच्या तारा बऱ्याचदा जाळीलाच बांधलेल्या सापडतात. त्या आधी पाईपमध्ये घालून खांबावर घ्या. उच्चदाबाची लाइन कुंपणावरून जात असेल तर तिथे कंपनीच्या माणसाला साइटवर बोलवा.

विजांसाठी कुंपण म्हणजे शेकडो मीटर उघडं लोखंड. वळवाच्या दिवसांत एका कडकडाटात सगळ्या पेट्या जाऊ शकतात. अर्थिंग आयएस 3043 नुसार करा, प्रत्येक पेटीपाशी स्वतंत्र अर्थिंग आणि वीज व डेटा दोन्हींवर सर्ज संरक्षण. केबलचं आवरण कंपनी सांगेल त्या एकाच ठिकाणी, म्हणजे बहुधा प्रोसेसरपाशी, अर्थ करायचं. मध्ये कुठे सोलून जाळीला टेकवलं तर गुणगुण सुरू होते आणि ती शोधता शोधता आठवडा जातो.

नोंदवहीत काय हवं

केबल ड्रमवर असतानाच तपासा, बांधून झाल्यावर पुन्हा तपासा. संवेदनशीलता कोरड्या हवेत बसवली की पावसाळ्यात एकदा आणि जोरदार वारा सुटेल त्या दिवशी एकदा पुन्हा बघायचं, हे ठेकेदाराच्या करारात घाला. बिलाचा शेवटचा हप्ता त्याच्यानंतर. चाचणीसाठी प्रत्येक झोनमध्ये माणूस प्रत्यक्ष चढवा, आणि कापण्याची नक्कल म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने जाळीच्या तारेवर टकटक करा, जाड खांबाशेजारी आणि गाळ्याच्या मध्यावर, दोन्हीकडे. दोन्हीकडे इशारा आला पाहिजे.

केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. बसवताना प्रत्येक कोपऱ्यावर, फाटकावर आणि पेटीत शिरताना तो आकडा खांबाच्या क्रमांकासमोर लिहून ठेवा. पुढे यंत्र ‘137 मीटरवर केबल तुटली’ म्हणेल तेव्हा वहीतून खांब सापडतो, नाहीतर सगळा झोन बोटांनी चाचपत जावा लागतो. या वहीची एक प्रत केबिनमध्ये, एक कार्यालयात, आणि तिचा फोटो देखभाल करणाऱ्याच्या मोबाइलमध्ये. त्याच लॉटची पन्नासएक मीटर केबल आणि काळ्या टायची दोन-चार पाकिटं कोठारात ठेवा, केबलच्या टोकांना टोप्या लावून आणि जमिनीपासून वर, म्हणजे घूस लागणार नाही.